पाकिटं वाटण्याआधी भुकटी तपासा

मृग जवळ आला की मराठवाड्यात बीजप्रक्रियेची मोहीम सुरू होते. गावोगाव प्रात्यक्षिकं होतात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारा जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) यांची नावं लागतात, ताडपत्रीवर सोयाबीन पसरून त्याला जिवाणू खताची काळी भुकटी चोळून दाखवली जाते. मोहीम चांगलीच आहे, ती बंद व्हावी असं मी म्हणणार नाही. पण त्या काळ्या भुकटीत आज, चोळताना, जिवंत जिवाणू किती आहेत हे मात्र कुणी विचारत नाही. पाकिटावर छापलेला आकडा कारखान्यात भरणी झाली त्या वेळचा असतो. पेरणी जूनच्या शेवटी, पाऊस लांबला तर जुलैच्या मध्यात होते. मधले कित्येक महिने ते पाकीट कोणत्या गोदामात होतं, कोणत्या टेम्पोतून आलं, कोणत्या पत्र्याखाली पडून होतं, याची नोंद कुठेही नसते.

जिवाणू खताची चर्चा आपल्याकडे नेहमी जिवाणूच्या नावाभोवती फिरते. कोणत्या पिकाला कोणता जिवाणू, एकरी किती, कोणत्या खताबरोबर चालतो आणि कोणत्या खताबरोबर नाही. ज्या भुकटीत तो जिवाणू बसवलेला असतो तिच्याबद्दल एक वाक्यही बोललं जात नाही. जाणकार तिला वाहक म्हणतात, दुकानात तिला नुसती पावडर म्हणतात. मला असं ठामपणे वाटतं की मराठवाड्यासारख्या तापणाऱ्या मुलखात जिवाणू खताचं यशापयश या वाहकावर आणि त्याच्या साठवणीवरच ठरतं. म्हणून सरकारी पैसा आणखी पाकिटं वाटण्याकडे न जाता आधी चांगला वाहक, त्याचं निर्जंतुकीकरण, थंड साठवण आणि विक्रीच्या जागी होणारी तपासणी यांच्याकडे वळला पाहिजे.

पाकीट तयार कसं होतं ते आधी पाहू. प्रयोगशाळेत जिवाणूचं शुद्ध वाण पोषक द्रावणात वाढवतात. रायझोबियमसाठी हे द्रावण मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थ आणि यीस्टचा अर्क यांचं असतं. तापमान २८ ते ३० अंश, सतत हलतं द्रावण, भरपूर हवा. काही दिवसांत एका मिलिलिटरमध्ये शंभर कोटींच्या घरात पेशी होतात. इथपर्यंतचं काम अवघड नाही, सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेला कुणीही पदवीधर ते करू शकतो. अवघड काम पुढे आहे. हे द्रावण असंच ठेवलं तर त्यातलं अन्न संपतं आणि जिवाणू मरू लागतात. म्हणून ते बारीक भुकटीत मुरवायचं. भुकटीनं ओल धरून ठेवली पाहिजे, पण चिखल होता कामा नये. तिचा सामू सातच्या आसपास हवा. तिच्यात विषारी क्षार नकोत. ती दाण्याला चिकटली पाहिजे. आणि मुख्य म्हणजे तिच्यात दुसरे जिवाणू आधीच घर करून बसलेले नसावेत.

शंभरहून अधिक वर्षं जगात या कामासाठी पीट वापरलं जातं. थंड, दलदलीच्या प्रदेशात शेवाळ आणि गवत पाण्याखाली अर्धवट कुजून थर साचतात, त्यांचं हे तपकिरी द्रव्य. १८९० च्या दशकात जर्मनीत पहिली रायझोबियम संवर्धनं बाजारात आली ती बाटलीत जिलेटिनवर वाढवलेली होती आणि फार टिकत नव्हती. पीट हाती लागल्यावर हा धंदा खऱ्या अर्थानं उभा राहिला. पीटमध्ये मुरत ठेवलेल्या पेशी नुसत्या टिकून राहतात असं नाही, त्यांच्यात बदलही होतो. काही आठवड्यांत त्यांची भिंत जाड होते आणि दाण्यावर चोळल्यानंतरचं कोरडेपण त्या जास्त सोसतात. म्हणजे वाहक हे नुसतं पोतं नव्हे, तिथे जिवाणू पुढच्या हालअपेष्टांसाठी तयार होतो.

भारतात पीट जवळजवळ नाही. निलगिरीच्या डोंगरात थोडं आहे, पण ते उपसणं म्हणजे तिथलं पाणी आणि रान उपसणं. म्हणून आपल्याकडे लिग्नाइट, म्हणजे तपकिरी दगडी कोळसा, आणि लाकडी कोळसा यांची भुकटी रूढ झाली. लिग्नाइट प्रामुख्यानं तमिळनाडूतल्या नेयवेलीसारख्या खाणींतून येतं. ते आम्लधर्मी असतं, त्यामुळे त्यात चुनखडीची भुकटी मिसळून सामू वर आणावा लागतो. पिशवी फोडल्यावर हाताला लागणारा काळा रंग बहुधा या कोळशाचाच. वाहक म्हणून तो वाईट नाही. पण तो पीटही नाही. ओल धरायची त्याची ताकद कमी, त्यातलं सेंद्रिय अन्नही कमी. चांगली काळजी घेतली तर त्यात जिवाणू सहा महिने तग धरतात.

इथे मराठवाड्याचं ऊन आडवं येतं. रायझोबियमला २५ ते ३० अंश मानवतात, चाळिशी ओलांडली की तो मरू लागतो. परभणी, नांदेड, जालना, बीड या भागांत मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणं ही बातमीसुद्धा राहिलेली नाही. हे मोजमाप सावलीतलं. मोंढ्यातल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या, पत्र्याच्या गोदामात, दुपारी बंद शटरच्या मागे, पाकिटांच्या खोक्यात काय असेल याची कल्पना मराठवाड्यात उन्हाळा काढलेल्या माणसाला द्यावी लागत नाही. उष्णतेनं ओल उडते, ओल उडाली की क्षारांची तीव्रता वाढते, आणि पेशी दोन्ही बाजूंनी मरतात. त्यात रायझोबियम बीजाणू तयार करत नाही. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंपैकी बॅसिलस वर्गातले जिवाणू बीजाणूरूपात कडक उन्हाळा काढू शकतात, अ‍ॅझोटोबॅक्टर जाड कवचाच्या पेशी करून काही काळ दम धरतो. रायझोबियमकडे असं कवच नाही. तरीही दुकानात सगळ्या पाकिटांना एकच फळी मिळते, आणि ती फळी बहुतेक वेळा वरची, उकाड्याची.

आता थोडा हिशोब. जिवाणू खतं २००६ साली खत (नियंत्रण) आदेश, १९८५ च्या कक्षेत आली. त्यातल्या निकषाप्रमाणे भुकटीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत पेशी हव्यात, द्रवरूप असेल तर प्रत्येक मिलिलिटरमध्ये दहा कोटी. दहा किलो सोयाबीनला २५० ग्रॅमचं पाकीट धरलं तर किलोला २५ ग्रॅम भुकटी लागते, म्हणजे सव्वाशे कोटी पेशी. किलोभर सोयाबीनमध्ये साधारण आठ हजार दाणे असतात. म्हणजे दाण्यामागे दीड लाखाच्या आसपास. सगळी भुकटी चिकटत नाही, पण धरून चालू की चिकटली. मोठ्या दाण्याच्या कडधान्य-गळीत पिकांना दाण्यामागे किमान एक लाख जिवाणू लागतात असं जगभर मानलं जातं, आणि फ्रान्समध्ये सोयाबीनसाठी ही अपेक्षा दहा लाखांची आहे. म्हणजे आपला कायदेशीर किमान निकष पूर्ण पाळला तरी आपण काठावर आहोत. उन्हात ही संख्या शंभरपटीनं घटली, आणि तसं घटायला फार वेळ लागत नाही, तर दाण्यामागे दीड हजार उरतात. मग शेतकऱ्यानं किती मन लावून बीजप्रक्रिया केली याला काही अर्थ उरत नाही.

याच निकषात दुसरी एक अट आहे, तिच्याकडे आणखी कमी लक्ष जातं. एक लाखपट विरल केलेल्या नमुन्यात परके जिवाणू दिसता कामा नयेत. म्हणजे ग्रॅममागे लाखाच्या आत परके जीव असतील तर ते खपवून घेतले जातात. निर्जंतुक न केलेल्या भुकटीत सुरुवातीला हे प्रमाण आटोक्यात दिसतं, पण ओलसर, उबदार पिशवीत ते परके जीव रायझोबियमपेक्षा कितीतरी वेगानं वाढतात. सोयाबीनचा ब्रॅडीरायझोबियम हा रायझोबियमचा भाऊबंद तर फारच संथ. पोषक माध्यमावर त्याचे ठिपके डोळ्यांना दिसायला आठवडा लागतो, बाकीचे दुसऱ्या दिवशीच पसरलेले असतात. म्हणून वाहक निर्जंतुक करणं ही या धंद्यातली पहिली पायरी असायला हवी. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर वाफेच्या दाबाखाली भुकटी निर्जंतुक करता येते, पण टनावारी काम असेल तर इंधन आणि वेळ दोन्ही लागतात, आणि भुकटी पसरून थंड करताना ती पुन्हा दूषित होते. दुसरा मार्ग गॅमा किरणांचा. सीलबंद पिशवीतच भुकटी निर्जंतुक करायची आणि मग सुईनं आत जिवाणूचं द्रावण सोडून छिद्र बंद करायचं. ऑस्ट्रेलियात पीटवर अशीच प्रक्रिया होते. गॅमा किरणांचं तंत्र आपल्याला नवं नाही, ट्रॉम्बेचं आयसोमेड केंद्र १९७४ पासून वैद्यकीय साहित्य याच पद्धतीनं निर्जंतुक करत आलं आहे. सुई-सलाईनसाठी जे तंत्र देशानं पन्नास वर्षांपूर्वी उभं केलं, ते कोरडवाहू शेतकऱ्याच्या भुकटीसाठी वापरायला काय हरकत आहे?

ऑस्ट्रेलियाचं नाव आलंच आहे तर तिथली आणखी एक गोष्ट सांगतो. तिथे गेल्या शतकाच्या मध्यापासून एक स्वतंत्र प्रयोगशाळा उत्पादकांना मूळ वाणं पुरवते आणि तयार माल तपासते. तपासणी कारखान्याच्या दारात संपत नाही, दुकानाच्या फळीवरून उचललेले नमुनेही पाहिले जातात. उत्पादनाच्या वेळी ग्रॅममागे शंभर कोटी ही त्यांची अपेक्षा. त्यांचाही देश तापतो, त्यांचीही जमीन कोरडवाहू आहे. फरक इतकाच की विकणाऱ्यानं फळीवरच्या पाकिटाचीही जबाबदारी घ्यायची असते.

आपल्याकडे कायद्यानं निरीक्षकाला दुकानातून नमुना घेता येतो. मग अडतं कुठे? वेळेत अडतं. जूनमध्ये नमुना घेतला, तो गाडीतून, पोस्टातून, उकाड्यातून प्रयोगशाळेत गेला, तिथे वाढवायला आठवडा लागला, अहवाल आला तोवर पेरणी होऊन पीक दोन पानांवर आलेलं. शिवाय असा उन्हातून गेलेला नमुना नापास झाला तर उत्पादक म्हणणार, तुमच्या प्रवासात मेला. आणि त्याचं म्हणणं चूक ठरवणं सोपं नाही. नमुने मेच्या पहिल्या पंधरवड्यात, बर्फाच्या डब्यात उचलले गेले पाहिजेत आणि निकाल मृग निघण्याआधी पाकिटाच्या गट (बॅच) क्रमांकासह जाहीर झाला पाहिजे. बियाण्याच्या उगवणक्षमतेबाबत आपण एवढे जागरूक असतो की घरच्या सोयाबीनची गोणपाटात शंभर दाणे ठेवून चाचणी करा असं प्रत्येक कृषी अधिकारी सांगतो. त्याच बियाण्याला चोळायच्या भुकटीची चाचणी मात्र कुणाच्या दिनदर्शिकेत नाही.

यावर एक उत्तर हमखास मिळतं: आता द्रवरूप आलंय, भुकटीचे दिवस संपले. द्रवरूप जिवाणू खत हा चांगला मार्ग आहे हे मला मान्य आहे. त्यात ग्लिसरॉल, पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, ट्रेहॅलोज अशी द्रव्यं पेशीचं संरक्षण करतात, निर्जंतुकीकरण सोपं जातं, आणि वर्षभर टिकण्याचा दावा करता येतो. आपल्या परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडूनही द्रवरूप खतं मिळतात. पण बाटलीतला द्रवही शेवटी त्याच पत्र्याखाली ठेवला जातो. आणि जमिनीत, दाण्यावर, पुढचे दोन-चार दिवस त्या पेशीला आसरा कोण देणार? पेरलं आणि पावसानं उघडीप दिली, हे तर मराठवाड्याचं नेहमीचं. कोरड्या पडत चाललेल्या काळ्या मातीत दाण्याभोवती ओलसर सेंद्रिय भुकटीचा थर असणं आणि नुसता वाळलेला द्रव असणं यात फरक पडतो. सोयाबीनची आणखी एक अडचण शेतकरी चांगली ओळखतात. त्याचं साल पातळ. द्रव जरा जास्त झाला की साल सुटतं, दाणा फुगतो, पेरणी यंत्राच्या नळीत अडकतो, उगवण घटते. म्हणूनच कित्येक जण भुकटी चिकटवायला गुळाचं पाणी वापरणं टाळतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. तिथे कमी ओलीत चिकटणारी बारीक भुकटीच हवी. द्रवरूप येईल, यावं, पण त्यामुळे वाहकाचा प्रश्न मिटत नाही.

हा वाहक आपल्याला दूरच्या खाणीतून आणावा लागतो, आणि इथे मात्र मराठवाड्याचं काही भलं करण्याची ताकद खुद्द मराठवाड्याच्या हाती आहे. कापसाची पऱ्हाटी घ्या. वेचणी संपल्यावर हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी उभी राहते. थोडी चुलीला जाते, थोडी कुंपणाला, बाकीची बांधावर जाळली जाते. गुलाबी बोंडअळीमुळे कृषी विभाग दरवर्षी सांगतो की फरदड, म्हणजे वेचणीनंतरही कापूस उभा ठेवून पुढचं पीक, घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी उपटून नष्ट करा. शेतकऱ्याला हे पटतं, पण उपटायला मजुरी लागते आणि हातात काही येत नाही, म्हणून ती उभीच राहते. बंद भट्टीत कमी हवेवर तिचा कोळसा केला तर सच्छिद्र, हलकी, ओल धरणारी भुकटी मिळते. अळीच्या कोषांचाही बंदोबस्त होतो. तुराट्यांचं तसंच. नदीकाठी माजलेल्या वेड्या बाभळीचं तर काय सांगावं, तिला कुणी फुकट न्यायला तयार झालं तर गाव हात जोडेल.

हे सगळं इतकं सोपं नाही, हेही सांगतो, कारण बायोचारच्या, म्हणजे अशाच कोळशाच्या, नावानं सध्या फार स्वस्तात स्वप्नं विकली जातात. पिकांच्या काड्यांचा कोळसा बहुधा अल्कधर्मी निघतो, सामू आठ-नऊ किंवा त्याहून वर. लिग्नाइटला चुना घालावा लागतो, याला उलट धुवावं लागतं किंवा आम्लधर्मी पदार्थात मिसळावं लागतं. भट्टीचं तापमान बदललं की कोळशाची छिद्रं आणि गुण बदलतात, एका भट्टीचा माल दुसरीसारखा निघेलच असं नाही. निकषाप्रमाणे भुकटी ०.१५ ते ०.२१२ मिलिमीटरच्या चाळणीतून गेली पाहिजे आणि तिच्यात ३० ते ४० टक्क्यांपेक्षा जास्त ओल नको. घरगुती चक्कीवर हे साधत नाही. आणि नुसत्या कोळशात अन्न नसतं, त्याला सेंद्रिय जोड हवी.

ती जोडसुद्धा आपल्याकडेच पडून आहे. लातूर, धाराशिव, बीड, जालना, परभणी, नांदेड या सगळ्या जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत. गाळलेल्या उसाच्या तीन-चार टक्के प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरणारा गाळ, निघतो. ताजा प्रेसमड उपयोगाचा नाही, त्यात मेण असतं, तो आतून तापतो, त्यात सूक्ष्मजीवांची जत्रा भरलेली असते. पण नीट कुजवून, वाळवून, चाळून, निर्जंतुक केल्यावर तो कोळशाच्या जोडीला चांगला बसू शकतो. हे प्रमाण किती, कोणत्या कोळशाबरोबर, कोणत्या जिवाणूसाठी, मेच्या गरमीत किती दिवस, हे काम कुणाचं? माझ्या मते हे १९७२ साली याच भागाच्या शेतीसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठाचं पहिल्या क्रमांकाचं काम आहे. असे प्रयोग सुटे सुटे होतात, प्रबंधात राहतात. पण २८ अंशांच्या प्रयोगशाळेत सहा महिने टिकलेला वाहक मोंढ्यातल्या गोदामात किती टिकतो हे पाहायचं तर प्रयोगच गोदामात करावा लागेल. ज्या मोसमात आणि ज्या पत्र्याखाली माल राहणार आहे तिथेच खोकी ठेवून, दर पंधरवड्याला पाकीट फोडून मोजावं लागेल. यंत्रसामग्री फार लागत नाही, सातत्य लागतं.

साठवणीबद्दल बोलताना लोक लगेच शीतगृहाची मागणी करतात. जिल्ह्याच्या ठिकाणी ते हवंच. पण तालुक्यातल्या दुकानदाराला शीतगृह परवडणार नाही आणि वीजही टिकणार नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं भाजीपाल्यासाठी विजेशिवाय चालणारा शीतकक्ष फार पूर्वी दाखवून दिला आहे. विटांच्या दोन भिंती, मधे वाळू, ती सकाळ-संध्याकाळ भिजवायची, वर वाळ्याचं किंवा तुराट्यांचं झाकण. कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी खाली राहतं. मराठवाड्याचा मे इतका कोरडा असतो की ही युक्ती इथे चांगली चालावी. जूनमध्ये हवा दमट झाली की गारवा घटेल, पण तोवर ऊनही उतरलेलं असतं. पाकिटं मात्र जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवावी लागतील, नाहीतर बाहेरची ओल आत जाईल. प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या मागच्या सावलीत असा एक कक्ष बांधायला जो खर्च येईल तो एका मोहिमेच्या फलकांइतकाही नसेल. परवाना नूतनीकरणाला याची अट घालावी. पाणीटंचाईच्या गावात दोन बादल्या पाणी रोज कुठून आणायचं हा प्रश्न खरा आहे, तिथे दुकानदारानं जिवाणू खत मेमध्ये मागवूच नये, मृगाचा पाऊस पडल्यावर मागवावं.

त्यावरून उत्पादनाच्या वेळेचा मुद्दा येतो, आणि तो मला साठवणीपेक्षाही मोठा वाटतो. जानेवारीत भरलेलं पाकीट जुलैत वापरायचं ही पद्धतच उष्ण प्रदेशाला न मानवणारी आहे. शेकडो किलोमीटरवरून येणाऱ्या मालाला ते टाळता येत नाही, कारण कारखान्याला वर्षभर यंत्रं चालवायची असतात. जिल्ह्यात छोटी केंद्रं असतील तर एप्रिलअखेर वाहक निर्जंतुक करून सीलबंद ठेवता येईल, त्यात जिवंत असं काही नसल्यानं ऊन लागलं तरी बिघडत नाही. जिवाणू मेच्या शेवटच्या आठवड्यात वाढवून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आत सोडायचे आणि मुरायला थोडे दिवस देऊन विक्रीला काढायचे. उन्हाळा निर्जीव भुकटीनं काढावा, जिवाणूनं नव्हे. शेतकरी उत्पादक कंपन्या, साखर कारखान्यांच्या माती परीक्षण प्रयोगशाळा, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं, यांच्याकडे जागा, माणसं आणि बऱ्यापैकी उपकरणं आहेत. परभणीला १८ मे रोजी विद्यापीठाच्या वर्धापनदिनी खरीप मेळाव्यात बियाण्यासाठी रांगा लागतात. त्या दिवशी घरी नेलेलं जिवाणू खत पेरणीपर्यंत कित्येकदा सहा आठवडे घरात असतं, हेही तिथल्या प्रत्येकाला सांगायला हवं. शक्य असेल तर जिवाणूचं वाटप महिनाभर पुढे ढकलावं, बियाणं तेवढं मेमध्ये द्यावं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी म्हणेल. सोयाबीन आपल्याकडे गेली कित्येक वर्षं सलग घेतलं जातं, त्याचे जिवाणू जमिनीत आता रुळले आहेत; तुरीला चालणारे जिवाणू तर आपल्या मातीत पूर्वीपासून आहेत; वरून लावून काय मिळणार? या आक्षेपात तथ्य आहे. जिथे दरवर्षी सोयाबीन होतं आणि मुळांवर भरपूर गाठी येतात तिथे पाकिटाचा फायदा थोडाच दिसेल. पण हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा त्याला चालत नाही. पूर्वी कधी हरभरा न झालेल्या रानात तो पहिल्यांदा पेरला तर गाठी येतीलच याचा भरवसा नाही. चोपण जमिनीत, बांधाच्या कडेच्या खारवट पट्ट्यात, उन्हाळाभर उघड्या पडलेल्या काळ्या रानात रुळलेले जिवाणूही कमी होतात, आणि जे उरतात ते हवेतला नत्र घेण्यात चांगले असतीलच असं नाही. म्हणून माझं म्हणणं सगळ्यांना पाकीट द्या असं नाहीच. जिथे गरज आहे तिथे द्या आणि जे द्याल ते जिवंत द्या. अर्ध्या शेतकऱ्यांना मेलेली भुकटी दिली की तिचा परिणाम दिसत नाही, मग उरलेल्या अर्ध्यांचाही विश्वास उडतो. युरिया टाकला की आठ दिवसांत शेत हिरवं दिसतं. जिवाणूला असं काही दाखवता येत नाही, त्याला विश्वासावरच जगावं लागतं, आणि तो विश्वास आपण दरवर्षी थोडा थोडा गमावत आलो आहोत.

पैशाचं मोल शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर असं. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, म्हणजे एका क्विंटल दाण्यात साडेसहा किलोच्या जवळपास नत्र. एकरी आठ क्विंटल पीक आलं तर नुसत्या दाण्यातून पन्नास किलो नत्र शेताबाहेर जातो. तेवढा नत्र युरियातून द्यायचा तर ४५ किलोच्या अडीच गोण्या लागतील. त्या गोण्या आपण सोयाबीनला देत नाही, कारण पिकाच्या मुळांवरच्या गाठी हे काम करतात. गाठी कमी पडल्या की पीक तो नत्र जमिनीतूनच ओढतं, आणि मराठवाड्याच्या बहुतेक जमिनींत सेंद्रिय कर्ब आधीच इतका कमी आहे की ओढायला फार काही उरलेलं नाही. जी जमीन पुढच्या पिढीला द्यायची तिच्याच खात्यातून ही उचल होत राहते. सरकार युरियाच्या प्रत्येक गोणीवर तिच्या दुकानातल्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त अनुदान सोसतं. त्यातला अगदी नखाएवढा वाटा वाहकाच्या संशोधनाला आणि जिल्ह्यातल्या केंद्रांना मिळाला तरी पाच-सात वर्षांत चित्र बदलू शकतं.

या केंद्रांना आणि मोहिमांना पैसा द्यायचा तर त्यांचं मोजमाप वाटलेल्या पाकिटांवरून होऊ नये. आज अहवालात एवढेच आकडे असतात: इतक्या गावांत प्रात्यक्षिक, इतक्या किलो बियाण्यावर प्रक्रिया. पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी प्रत्येक गावात प्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या दोन-दोन शेतांत जाऊन दहा झाडं मुळासकट, कुदळीनं माती मोकळी करून, हलक्या हातानं काढावीत. उपटून काढली तर गाठी जमिनीतच राहतात. गाठी मोजाव्यात, नखानं फोडून पाहाव्यात. आत गुलाबी किंवा लालसर असेल तर ती काम करते आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. हे गावचा कृषी कर्मचारी करू शकतो, कृषी महाविद्यालयाची मुलं करू शकतात, बचत गटातल्या बायाही एका दिवसात शिकतील. आकडे पाकिटाच्या गट क्रमांकासह लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत आणि तालुक्याला एकत्र करावेत. पुढच्या मेमध्ये कोणत्या उत्पादकाला, कोणत्या वाहकाला आणि कोणत्या दुकानाला मागणी द्यायची, हे या यादीवरून ठरावं.